शेती, हिशेब आणि विद्यापीठ : एका गौण विषयाची पूर्वपीठिका

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा प्रसृत केला, त्यात मुख्य विषयाच्या जोडीला एक गौण विषय घेण्याची तरतूद आहे. तीन वर्षांच्या पदवीच्या १२० श्रेयांकांपैकी २४ आणि चार वर्षांच्या पदवीच्या १६० पैकी ३२ श्रेयांक या गौण विषयाच्या वाट्याला येतात. इतिहासाच्या, वाणिज्याच्या किंवा अगदी मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यालाही कृषी-उद्योजकता हा विषय घेता यावा, अशी शक्यता या चौकटीमुळे निर्माण झाली आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी या घडामोडीकडे लक्ष देण्याचे कारण असे की, या विषयाच्या नावात एकत्र आलेले शब्द निरनिराळ्या भाषांतून आणि निरनिराळ्या काळांतून प्रवास करीत आलेले आहेत. शेती आणि हिशेब एकत्र शिकविले जावेत ही मागणी मराठी मुलखातून १८८२ सालीच केली गेली होती. आजच्या गौण विषयातही हेच दोन घटक आहेत. मधल्या काळात गळून गेला तो हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे हा प्रश्न, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

आरंभ 'उद्योजक' या शब्दापासून करणे सोयीचे होईल. ज्या फ्रेंच संज्ञेचा हा पर्याय, तिला अर्थशास्त्रीय आशय प्रथम दिला तो रिचर्ड कांतियाँ याने. त्याचा व्यापारविषयक निबंध त्याच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी, १७५५ मध्ये, प्रसिद्ध झाला. त्याने दिलेले पहिले ठळक उदाहरण कारखानदाराचे नाही, शेतकऱ्याचे आहे. जमीनमालकाला ठरलेला खंड देण्याचे वचन द्यावयाचे आणि पीक किती येईल, त्याला भाव काय मिळेल हे मात्र अनिश्चित. ही जोखीम पत्करणारा तो उद्योजक. पुढे १८०३ मध्ये ज्याँ-बाप्तिस्त से याने याच संज्ञेचा विस्तार केला, तेव्हा भर उत्पादनाच्या साधनांची जुळणी करणाऱ्यावर आला, आणि विसाव्या शतकात शुंपेटरने तिला नवप्रवर्तनाचे वलय दिले. या प्रवासात शेतकरी मागे पडला. आज 'शेतकऱ्याला उद्योजक बनविले पाहिजे' असे म्हटले जाते, तेव्हा ज्याच्यावरून ही संज्ञा घडली त्यालाच ती नव्याने बहाल करण्याचा हा प्रकार आहे, याची जाणीव सहसा नसते.

भारतीय भाषांनी या संज्ञेसाठी योजिलेले पर्याय शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. हिंदीतील 'उद्यमिता' प्रयत्नावर भर देते. कन्नडमधील 'उद्यमशीलते'त वृत्तीचा, शीलाचा भाग येतो. तमिळ शब्द पुढाकार घेणाऱ्याकडे निर्देश करतो. मराठीतील 'उद्योजका'त योजना करणारा, कामाला जुंपणारा असा अर्थ आहे. (आपल्याकडे 'नसता उद्योग' हाही उद्योगच, हे ओघाने आलेच.) या सर्वांत कांतियाँच्या मूळ कल्पनेजवळ जातो तो गुजराती पर्याय : 'उद्योगसाहसिक'. त्यात साहस, म्हणजे जोखीम, शब्दातच बसविलेले आहे. मराठी शब्दातून जोखीम निसटली ही केवळ भाषिक बाब मानता येणार नाही. कारण अभ्यासक्रम शब्दांच्या आधारे रचले जातात, आणि योजना शिकविणे हे जोखीम कोणावर पडते ते शिकविण्यापेक्षा पुष्कळच सोपे असते.

ही जोखीम मराठी मुलखात कोणत्या रूपात दिसत होती? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे-नगर भागातील अनेक गावांत पसरला. माणसांवर हल्ले तुलनेने थोडे झाले. लोकांचे लक्ष होते ते खतपत्रे, रोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून जाळण्यावर. इतिहासकारांनी या घटनेचा अर्थ कर्जबाजारीपणाच्या संदर्भात लावलेला आहे आणि तो योग्यच आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला यात आणखी एक गोष्ट दिसावी : हा एका लेखनप्रकाराविरुद्धचा उठाव होता. जो मजकूर स्वतःला वाचता येत नाही, पण ज्याच्या आधारे आपली जमीन जाते, तो मजकूर नष्ट करणे हा वाचनाला उरलेला एकच पर्याय होता. १८७९ मध्ये सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये शिक्षण आयोगापुढे सादर केलेले निवेदन वाचले पाहिजे. हंटर आयोग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आयोगास दिलेले हे निवेदन इंग्रजीत आहे. प्राथमिक शिक्षणात काय असावे याची त्यांनी दिलेली यादी लहानशी आहे : वाचन, मोडी आणि बालबोध लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाचे प्राथमिक ज्ञान, शेतीचे मूलभूत ज्ञान, आणि नीती व आरोग्य यांविषयीचे काही धडे. या यादीतील मोडीकडे आपण सहसा लक्ष देत नाही. सावकाराचा रोखा आणि कचेरीचा कागद मोडीत असे. तेव्हा मोडी, हिशेब आणि शेती ही त्रयी एकत्र मागणे म्हणजे सात वर्षांपूर्वी जे कागद जाळावे लागले ते वाचता येतील अशी पिढी मागणे होय, असा अर्थ आपण काढला तर तो फारसा ओढूनताणून आणलेला ठरू नये. जोतीरावांची मांजरी येथे स्वतःची शेती होती आणि त्यांनी बांधकामाची कंत्राटेही घेतली होती. तेव्हा व्यवहाराशी त्यांचा परिचय पुस्तकी नव्हता. १८८३ मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात बंधारे, पाणीपुरवठा, जनावरांची पैदास, शेतीची प्रदर्शने असे अनेक उपाय त्यांनी सुचविले; परंतु ते सुचविण्यापूर्वी शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या यंत्रणेचे, म्हणजे नोकरशाही, पुरोहितवर्ग आणि सावकारी यांचे, वर्णन त्यांनी सविस्तर केले. आधी यंत्रणा, मग तंत्र, हा क्रम महत्त्वाचा आहे.

संस्थात्मक कृषिशिक्षण मात्र दुसऱ्या वाटेने गेले. पुण्यास अभियांत्रिकीच्या छत्राखाली सुरू झालेल्या कृषिवर्गांचे १९०७ मध्ये स्वतंत्र महाविद्यालय झाले. तेथील प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा केलेला अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १७७१ साली तेथील सरासरी धारणा सुमारे ४० एकर होती; १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. बहुसंख्य कुटुंबे केवळ आपल्या जमिनीवर जगू शकत नाहीत, असा मान यांचा निष्कर्ष होता. रसायनशास्त्रज्ञ असलेल्या प्राचार्याने हिशेबाची वही उघडली, ही या इतिहासातील एक लक्षणीय घटना. पण तिची अभ्यासक्रमात परंपरा झाली असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेतील भूदान-विद्यापीठांचा नमुना स्वीकारला गेला. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये कृषी विद्यापीठ आले. राहुरीच्या या विद्यापीठाला पुढे जोतीरावांचेच नाव देण्यात आले. तथापि ज्या १८६२ च्या अमेरिकन कायद्यातून हा नमुना निघाला, त्यात शेती आणि यंत्रविद्या यांच्याबरोबर अभिजात विद्यांना न वगळण्याची स्पष्ट तरतूद होती. इलिनॉयमध्ये मृदाशास्त्र आणि साहित्य एकाच विद्यापीठात शिकविले जाते. आपण शेतीचा भाग घेतला आणि तिला सर्वसाधारण विद्यापीठापासून अलग केले. या अलगीकरणाचा परिणाम २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेच आकड्यांत नोंदविला आहे : देशातील विद्यापीठांपैकी सुमारे ९ टक्के कृषी विद्यापीठे, आणि उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांपैकी कृषी व संलग्न शाखांत १ टक्क्याहूनही कमी.

'अ‍ॅग्रिबिझनेस' ही संज्ञाही अमेरिकेचीच. जॉन डेव्हिस यांनी ती १९५५ मध्ये वापरली, आणि १९५७ मध्ये रे गोल्डबर्ग यांच्यासह हार्वर्डमधून त्यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला. निविष्ठांची निर्मिती, शेतावरील उत्पादन, साठवण, प्रक्रिया आणि वितरण यांची एकत्र बेरीज म्हणजे हा व्यवसाय. व्याख्या व्यापक आहे, पण बेरजेत शेतकरी हा एक टप्पा ठरतो. याउलट, शरद जोशी यांनी १९९१ मध्ये शेगाव येथे मांडलेली 'चतुरंग शेती'ची कल्पना पाहावी : सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. आशयाच्या दृष्टीने डेव्हिस यांच्या साखळीशी तिचे साम्य आहे. भेद आहे तो आरंभबिंदूचा. ही साखळी घरातून निघते; प्रक्रियाउद्योगाला 'माजघर' म्हटल्याबरोबर तेथे शतकानुशतके वाळवण, साठवण आणि निवड करणाऱ्या स्त्रीचे श्रम दिसू लागतात. जोशी यांच्या खुल्या बाजाराच्या भूमिकेशी ज्यांचे मतभेद आहेत (प्रस्तुत लेखकाचेही काही आहेत), त्यांनीही या परिभाषेचे सामर्थ्य मान्य करावयास हवे. आजच्या कृषी-उद्योजकतेच्या पाठ्यपुस्तकात हे चार शब्द आढळू नयेत, तर तो त्या विषयाचा दोष ठरेल.

कादंबरीने या प्रश्नाचा मागोवा विद्यापीठापेक्षा अधिक चिकाटीने घेतलेला आहे. प्रेमचंदांच्या 'गोदान' (१९३६) मधील गोबर गाव सोडून लखनौला जातो, खोमचा लावतो, आणि चार पैसे गाठीला लागताच व्याजाने पैसे देऊ लागतो. ज्या सावकारीने बापाला, होरीला, पिळले तिच्यातच मुलाला उद्यमाचा मार्ग सापडतो. सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) मधील एकनाथ एम.ए., बी.एड. आहे. नोकरीसाठी संस्थाचालकांना द्यावयाचा पैसा नाही, आणि ज्या शेतीत परतावयाचे तिच्याविषयी त्याच्या पदव्यांनी त्याला काही शिकविलेले नाही. गोबरला हिशेब कळतो पण त्याची शेती सुटते. एकनाथाकडे विद्या आहे पण तिचा शेतीशी सांधा नाही. दोन भाषांतील आणि सहा दशकांहून अधिक अंतरावरील या दोन व्यक्तिरेखा एकत्र वाचल्या म्हणजे जोतीरावांची त्रयी कोठे तुटली ते दिसते. गौण विषयाची ही योजना एकनाथासारख्यांसाठी आहे, असे तिच्या बाजूने म्हणता येईल.

परंतु प्रकल्प-अहवाल लिहावयास शिकविणे म्हणजे हिशेब शिकविणे नव्हे. २००२ मध्ये केंद्र सरकारने कृषी पदवीधरांसाठी कृषी-चिकित्सालये व कृषी-व्यवसाय केंद्रांची योजना सुरू केली. त्याच वर्षीच्या कायद्याने उत्पादक कंपनीला मान्यता मिळाली. पहिल्या योजनेचा नायक एकटा पदवीधर आहे. दुसऱ्या तरतुदीचा, अनेक उत्पादक एकत्र येऊन केलेली संस्था. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्यापासून मराठी मुलखाचा अनुभव दुसऱ्या प्रकारचा आहे, त्याच्या यशासह आणि त्यात शिरलेल्या सत्ताकारणासह. उद्योजकतेची परिभाषा मात्र एकट्या व्यक्तीची आहे.

'मायनर' या शब्दाचे मराठी व्यवहारात आणखी दोन अर्थ आहेत. कायद्याच्या भाषेत त्याचा पर्याय 'अज्ञान', सातबाऱ्यावरील 'अ.पा.क.' या शेऱ्यात तोच दडलेला आहे. आणि कालव्याच्या लाभक्षेत्रात 'मायनर' म्हणजे शेताजवळ पाणी आणणारी शेवटची चारी. अभ्यासक्रम या दोहोंपैकी कोणत्या अर्थाने गौण ठरेल, हे त्यातील पाठ्यांवर अवलंबून राहील. २४ श्रेयांक म्हणजे केवळ व्याख्यानांचा हिशेब धरला तरी ३६० तासिका होतात. त्यांतील चार श्रेयांक, ६० तासिका, साहित्य विभागाकडे सोपवून १८७५ च्या उठावावरील चौकशीचा अहवाल, जोतीरावांचे निवेदन, मान यांचा ग्रामअभ्यास, शेगावची मांडणी आणि 'बारोमास' असा पाठ्यक्रम लावता येण्यासारखा आहे. प्रत्यक्ष खतपत्रे वाचावयाची तर मोडी जाणणारा अध्यापक लागेल. सत्राची अडचण निराळीच : खरिपाची काढणी आणि बाजारातील आवक ज्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, त्याच सुमारास विद्यार्थी परीक्षागृहात असतो.