कॉक्लिअर इम्प्लान्ट : निर्णय केव्हा घ्यावा?

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा पहिला दिलासा बहुधा घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळतो : ‘याचा बापही उशिराच बोलला होता.’ मग मुलामागे ताटली वाजवून पाहिली जाते. मूल वळते, कधी सावली हलल्यामुळे, कधी जमिनीचा कंप जाणवल्यामुळे. त्याला ऐकू येते असा समज होतो आणि आणखी काही महिने निघून जातात. जन्मतः कर्णबधिर बालकाच्या बाबतीत नेमके हेच महिने मोलाचे असतात. जळगाव असो वा धुळे, शस्त्रक्रिया केव्हा करावी हा प्रश्न निदान केव्हा झाले या प्रश्नापाशीच येऊन थांबतो.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. आंतरकर्णातील केशपेशीच निकामी असतील, तर मोठ्या आवाजाचाही फारसा उपयोग होत नाही. कॉक्लिअर इम्प्लान्टमध्ये आंतरकर्णाच्या शंखाकृती भागात इलेक्ट्रोडची बारीक तार बसवितात. कानामागील यंत्र आवाज टिपते आणि त्याचे विद्युत संकेत या तारेवाटे थेट श्रवणाच्या मज्जातंतूला मिळतात. त्या संकेतांचा अर्थ लावणे मात्र मेंदूचे काम, आणि ते शिकण्याचा त्याचा काळ मर्यादित आहे. अमेरिकेतील संशोधक अनु शर्मा यांच्या अभ्यासानुसार, साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लान्ट बसविलेल्या जन्मतः बधिर मुलांत मेंदूचा श्रवण-प्रतिसाद बहुधा वयानुरूप होतो. सात वर्षांनंतर तसे क्वचितच घडते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने किमान वयाची अट २००० मध्ये बारा महिन्यांवर आणली; २०२० मध्ये एका कंपनीच्या इम्प्लान्टसाठी ती नऊ महिने झाली.

याचा अर्थ निदान होताच शस्त्रक्रिया, असा नव्हे. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचारांना आरंभ हे सर्वमान्य सूत्र आहे. ‘ओएई’ तपासणीत शंका आली, तर ‘बेरा’ करतात. ती झोपेत होते, दुखत नाही. त्यानंतर दोन्ही कानांना योग्य श्रवणयंत्रे लावून साधारण तीन ते सहा महिने प्रशिक्षण दिले जाते. बधिरता तीव्र असून प्रगती दिसत नसेल, तर वर्षाच्या आसपास शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे इष्ट.

अपवाद आहेत. मेंदूज्वरानंतर आंतरकर्णात हाड तयार होऊन तारेची वाटच बंद होऊ शकते. तेथे थांबणे धोक्याचे. ‘एमआरआय’मध्ये श्रवणाचा मज्जातंतूच आढळला नाही, तर शस्त्रक्रियेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. बोलायला शिकल्यानंतर ज्याची श्रवणशक्ती गेली, त्याला सात वर्षांची ही मर्यादा लागू होत नाही.

धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. जळगावचे २०१८ मध्ये सुरू झाले. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बधिरतेचा समावेश असून त्याची पथके अंगणवाड्यांत मुलांना तपासतात. ‘पोर बोलत नाही’ ही शंका आईने तेथे स्वतःहून सांगावी. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ च्या सुधारणेनुसार वय व उत्पन्नाच्या अटींवर सहा लाख रुपयांपर्यंतच्या इम्प्लान्टची तरतूद झाली. तिचे काम मुंबईच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे.

खरी कसोटी पुढे असते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते. मग त्याची वारंवार जुळवणी आणि किमान एक-दोन वर्षे नियमित वाचा-प्रशिक्षण. जळगावहून मुंबई सुमारे सव्वाचारशे किलोमीटर. केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आईला दर खेपेला रोज बुडवावा लागतो. बॅटरी आणि दुरुस्तीचा खर्च आयुष्यभराचा. होकार देण्यापूर्वी हा हिशेब कुटुंबासमोर मांडलाच पाहिजे. तो अनेकदा मांडला जात नाही.

भाषेचाही प्रश्न येतो. प्रशिक्षण प्रमाण मराठीत आणि घरात अहिराणी, म्हणून आईने बोलणे आवरते घेण्याचे कारण नाही. ती दिवसभर जी भाषा सहज बोलते, तीच मुलाच्या कानी सर्वाधिक पडायला हवी. खाणाखुणांनी बोलणे बिघडते, ही भीतीही अनाठायी आहे. निदान होऊन यंत्र सुरू होईपर्यंतच्या महिन्यांत, आणि इम्प्लान्ट शक्यच नसेल तेव्हा तर नक्कीच, सांकेतिक भाषेमुळे मुलाला भूक, भीती, हट्ट सारे सांगता येते.