भिवंडीतील शरद ऋतूचे हवामान

भिवंडीतील शरद ऋतूचे हवामान म्हणजे महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहर व तालुक्यात साधारणपणे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत आढळणारी हवामानस्थिती होय. पारंपरिक गणनेनुसार आश्विन व कार्तिक हे शरद ऋतूचे महिने आहेत. समशीतोष्ण प्रदेशांत हा काळ गारव्याकडे नेणारा असतो. भिवंडीत मात्र पावसाळा व हिवाळा यांच्या मध्ये हा काळ दुसऱ्या उन्हाळ्यासारखा येतो. बोलीभाषेत त्यास ‘ऑक्टोबर हीट’ असे म्हणतात.

भौगोलिक पार्श्वभूमी

भिवंडी सुमारे १९.३° उत्तर अक्षांशावर, उत्तर कोकणाच्या सखल भागात वसलेली आहे. शहराजवळून कामवारी नदी वाहते. दक्षिणेस व पश्चिमेस उल्हास नदीचे खोरे आणि वसईची खाडी आहे. शहर व अरबी समुद्र यांच्या मध्ये येऊर आणि तुंगारेश्वर येथील डोंगर येतात, तर पूर्वेकडे माहुली व सह्याद्रीच्या रांगा आहेत. समुद्र फार दूर नसला तरी प्रत्यक्ष किनारपट्टीच्या तुलनेत येथे समुद्रवाऱ्याचा प्रभाव उशिरा व कमी प्रमाणात जाणवतो.

कारणे

या उष्म्याचे मूळ मोसमी वाऱ्यांच्या माघारीत आहे. भारतीय हवामान विभागाने २०२० मध्ये सुधारित केलेल्या तारखांनुसार, नैर्ऋत्य मोसमी वारे राजस्थानच्या पश्चिम भागातून सर्वसाधारणपणे १७ सप्टेंबरच्या सुमारास परतू लागतात आणि मुंबई परिसरातून ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतात. पूर्वीच्या गणनेत मुंबईसाठी ही तारीख सप्टेंबरच्या अखेरीस येत असे.

माघारीनंतर आकाश निरभ्र होते आणि चार महिने ढगांनी अडवलेले ऊन थेट जमिनीवर पोहोचते. २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या वेळीही भिवंडीत माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ७० अंश उंच असतो. जमीन, शेते व तलाव पाण्याने भरलेले असल्याने बाष्पीभवन होऊन हवा दमट राहते. याच काळात वाऱ्याची दिशा बदलते. पूर्वेकडून येणारे जमिनीवरील वारे दुपारच्या समुद्रवाऱ्यास काही काळ थोपवून धरतात, त्यामुळे तापमान वाढत राहते. ऊन, दमटपणा आणि वाऱ्याचा अभाव या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याने तापमापकावरील आकड्यापेक्षा प्रत्यक्ष उकाडा अधिक भासतो.

तापमान व पर्जन्य

दीर्घकालीन नोंदी असलेले जवळचे केंद्र मुंबईतील सांताक्रूझ येथे आहे. तेथील सरासरी कमाल तापमान ऑगस्टमध्ये ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर ऑक्टोबरमध्ये ते ३३ ते ३४ अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ मार्चइतके चढते. काही दिवशी ते ३६ अंशांच्याही पुढे जाते. सप्टेंबरची सरासरी पर्जन्यमात्रा ३०० मिलिमीटरहून अधिक असते, तर ऑक्टोबरमध्ये ती १०० मिलिमीटरच्या आत येते. ऑक्टोबरच्या अखेरीस दिवसाची लांबी साडेअकरा तासांच्या आसपास येते, रात्री किंचित थंड होतात आणि पहाटे गवतावर दव दिसू लागते.

परतीचा पाऊस व भातशेती

माघारीच्या काळात सकाळी कडक ऊन व दुपारनंतर मेघगर्जनेसह सर असा क्रम अनेकदा दिसतो. यास ‘परतीचा पाऊस’ म्हणतात. भिवंडी तालुक्याचे मुख्य पीक भात असून त्याचे हळवे, निमगरवे व गरवे असे प्रकार तयार होण्याच्या मुदतीनुसार मानले जातात. हळवे भात याच सुमारास कापणीस येते. दाणा भरताना थोडा ओलावा उपकारक ठरतो. कापणीच्या वेळी मात्र कोरडे ऊन आवश्यक असते, कारण कापलेले भात बांधण्यापूर्वी शेतातच वाळत ठेवावे लागते. अशा वेळी पाऊस झाल्यास उभे पीक आडवे होते, कापलेल्या लोंब्यांना मोड येतात आणि पेंढा काळा पडून जनावरांच्या चाऱ्याचीही हानी होते. शहरवासीयांना नकोसे वाटणारे ऑक्टोबरचे ऊन शेतकऱ्यास हवे असते ते यामुळेच. कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा यांसारखी कडधान्ये घेतली जातात.

मोसमी पावसानंतरचा काळ अरबी समुद्रातील चक्रीवादळांचाही असतो. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या काळात कोकणासह राज्याच्या अनेक भागांत पाऊस होऊन कापणीस आलेल्या पिकांची हानी झाली. ‘फयान’ चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले होते.

उद्योग व आरोग्य

भिवंडी यंत्रमागांचे व गोदामांचे शहर आहे. अनेक कारखान्यांची छपरे पत्र्याची असल्याने दुपारी आतील उष्णता बाहेरच्यापेक्षा वाढते आणि यंत्रांच्या उष्णतेची तीत भर पडते. हवेतील ओलाव्याचा सुती धाग्यास उपयोग होतो, कारण कोरड्या हवेत धागा अधिक तुटतो. परंतु हाच ओलावा कामगाराच्या अंगावरील घाम वाळू देत नाही, त्यामुळे थकवा व शरीरातील पाण्याची कमतरता संभवते. पावसाळ्यानंतर साचून राहिलेल्या पाण्यामुळे डेंग्यू व हिवताप पसरवणाऱ्या डासांची वाढ होते. आयुर्वेदातही शरद हा पित्तप्रकोपाचा ऋतू मानला असून या काळात तीक्ष्ण व उष्ण आहार टाळण्यास सांगितले आहे. दिवसाच्या उकाड्यानंतर मिळणाऱ्या निरभ्र रात्रींमुळे आश्विन पौर्णिमेस, म्हणजे कोजागरीस, चांदण्यात आटीव दूध घेण्याची प्रथा येथेही पाळली जाते.

कॅरिबियन शहरांशी तुलना

प्वेर्तो रिकोतील सान हुआन, डॉमिनिकन प्रजासत्ताकातील सांतो दोमिंगो व जमैकातील किंग्स्टन ही शहरे साधारणपणे १८ ते १८.५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे भिवंडीहून फार वेगळ्या अक्षांशावर नाहीत. तेथेही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हवा उष्ण व दमट असते. मात्र हा त्यांच्या पावसाळ्याचा आणि अटलांटिक चक्रीवादळांचा मुख्य काळ असतो. प्वेर्तो रिकोमध्ये मोठा विध्वंस घडवणारे ‘मारिया’ चक्रीवादळ २० सप्टेंबर २०१७ रोजी तेथे धडकले. कॅरिबियन शहरांत शरदाच्या प्रारंभी पाऊस जोर धरतो, तर भिवंडीत तो निरोप घेतो. अक्षांश जवळचे असूनही ऋतूचे रूप वेगळे होते, ते येथील मोसमी वाऱ्यांच्या दिशाबदलामुळे.