न खेळलेला मोसम

स्टॅन्ली चषक हा उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीचा सर्वोच्च मान. विजयी संघातील खेळाडूंची नावे त्याच्या रुपेरी पट्ट्यांवर कोरण्याची रीत आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या या नामावळीत दोन नोंदी अशा आहेत, की ज्यांत कुणाच्याच विजयाचा उल्लेख नाही. पहिली १९१९ सालची. त्या वर्षी अंतिम सामने सिअ‍ॅटल येथे चालू असताना इन्फ्लुएंझाच्या साथीने खेळाडूंना गाठले. मॉन्ट्रिअलच्या संघातील जो हॉल हा खेळाडू इस्पितळात मरण पावला आणि मालिका अपुरी राहिली. दुसरी नोंद २००४-०५ ची आहे. तो मोसम खेळला गेला नाही, एवढेच तिथे लिहिले आहे. का खेळला गेला नाही, ते लिहिलेले नाही. त्या वर्षी साथ नव्हती. युद्धही नव्हते, आणि दोन्ही महायुद्धांच्या काळात तर हा चषक दरवर्षी दिला गेला होता. खेळ बंद पडला तो संघमालक आणि खेळाडू यांच्यातील उत्पन्नाच्या वाटणीवरून. या वादात मालकांना वकील होते, खेळाडूंना संघटना होती. ज्यांच्या प्रेमावर ही सारी इमारत उभी होती, त्या प्रेक्षकांची बाजू मांडायला मात्र कुणी नव्हते. त्यांच्या संतापाचा हा इतिहास आहे.

आपल्याकडे हॉकी म्हटले, की हिरवे मैदान आणि मुंबई-गोव्याच्या कॅथलिक घराण्यांतून पुढे आलेले ऑलिंपिक खेळाडू आठवतात. कॅनडातील हॉकी निराळी. ती गोठलेल्या बर्फावर, पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळतात आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते. तेथील दीर्घ हिवाळ्यात हा खेळ गावोगावी रुजला. क्युबेक या फ्रेंच भाषक कॅथलिक प्रांतात तर चर्च, शाळा आणि हॉकीचे मैदान अशी बालपणाची तीन ठिकाणेच होती. रॉक कारिए या लेखकाची ‘द हॉकी स्वेटर’ ही कथा याच जगाची आहे. गावातली सगळी मुले मॉन्ट्रिअलच्या मॉरिस रिशार या खेळाडूचा नऊ क्रमांकाचा स्वेटर घालतात. एका मुलाला मात्र दुकानाच्या चुकीमुळे प्रतिस्पर्धी टोरोंटोचा स्वेटर मिळतो. रागावून काठी मोडल्याबद्दल धर्मगुरू त्याला क्षमायाचनेसाठी चर्चमध्ये धाडतात, आणि तो तिथे कसरीने हा स्वेटर खाऊन टाकावा अशी प्रार्थना करतो! या कथेतील ओळी कॅनडाच्या पाच डॉलरच्या नोटेवर २००२ पासून काही वर्षे छापल्या जात होत्या. देशाच्या चलनावर ज्या खेळाने स्थान मिळवले, तो खेळ त्या देशातील लोकांना केवळ करमणूक वाटत नव्हता, हे निराळे सांगायला नको.

या खेळातील श्रमाचा प्रश्न जुना आहे. एकदा एका क्लबाशी करार केला, की खेळाडू त्या क्लबाशी जवळजवळ आयुष्यभर बांधला जाई. क्लबाने विकले तर जायचे, ठेवले तर राहायचे. निवृत्तिवेतनाच्या निधीत खेळाडूंचे पैसे कापून जात, परंतु त्याचा हिशेब त्यांना दाखवला जात नसे. १९५७ साली टेड लिंडसे या खेळाडूने काही सहकाऱ्यांसह संघटना उभारली. टोरोंटोच्या बॅसिलियन धर्मगुरूंच्या सेंट मायकल्स संस्थेच्या संघातून पुढे आलेला हा खेळाडू तेव्हा डेट्रॉइटकडून खेळत होता आणि नुकताच त्याने आपल्या कारकिर्दीतील सर्वांत चांगला मोसम खेळला होता. त्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटच्या व्यवस्थापनाने त्याला शिकागोच्या संघाकडे धाडून दिले. संघटना मोडली. लिंडसेची शंका रास्त होती, हे पुढे सिद्ध झाले; निवृत्त खेळाडूंच्या निधीतील शिल्लक लीगने चुकीने वापरली, असा निर्णय १९९२ मध्ये ओंटारियोच्या न्यायालयाने दिला.

परमगुरू तेरावे लिओ यांचे ‘रेरूम नोव्हारूम’ हे विश्वपत्र १८९१ सालचे. कामगारांना संघटित होण्याचा अधिकार आहे, तो नैसर्गिक आहे, हे ख्रिस्तसभेने त्यात निःसंदिग्धपणे सांगितले. त्यामुळे खेळाडूंची संघटना म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असे म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभणार नाही. परंतु इतिहास एका बाजूचाच नसतो. १९६७ मध्ये खेळाडूंची संघटना अखेर स्थिर झाली, आणि तिचे नेतृत्व दीर्घकाळ करणारे अ‍ॅलन ईगल्सन यांनाच १९९८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात कारावास भोगावा लागला. खेळाडूंना प्रथम मालकांनी नाडले, आणि मग त्यांच्या कैवाऱ्यानेही.

१९९२ च्या एप्रिलमध्ये खेळाडूंनी दहा दिवस संप केला. दोन वर्षांनी मालकांची पाळी आली. टाळेबंदी हा शब्द आपल्याला गिरण्यांच्या इतिहासामुळे परिचित आहे. येथे टाळे लागले ते नॅशनल हॉकी लीगच्या क्रीडागृहांना. १ ऑक्टोबर १९९४ पासून ११ जानेवारी १९९५ पर्यंत खेळ बंद राहिला आणि ८४ ऐवजी ४८ सामन्यांचा मोसम उरकण्यात आला. छोट्या शहरांतील संघ जगावेत म्हणून वेतनावर बंधन हवे, असे मालक म्हणत होते. तथापि टाळेबंदी उठल्यानंतर काही महिन्यांतच क्युबेक शहराचा संघ विकला गेला आणि कोलोराडोला गेला. विनिपेगचा संघ वाचावा म्हणून लोकांनी वर्गणी जमवली, लहान मुलांनी गल्ले फोडून पैसे दिले. तरीही १९९६ मध्ये तो संघ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, फीनिक्सला नेण्यात आला. क्युबेकचा संघ नव्या गावी गेल्यावर पहिल्याच वर्षी स्टॅन्ली चषक जिंकला. ज्या शहराने त्याला सोळा वर्षे लीगमध्ये जोपासले, त्याने तो सोहळा दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिला.

खरा आघात २००४ मध्ये झाला. खेळाडूंचे सरासरी वेतन तोवर वर्षाला सुमारे १८ लाख डॉलर झाले होते. उत्पन्नातील तीन चतुर्थांश वाटा खेळाडूंवर खर्च होतो आणि २००२-०३ मध्ये लीगला २७ कोटी ३० लाख डॉलरचा तोटा झाला, असा अहवाल लीगने नेमलेल्या आर्थर लेव्हिट यांनी दिला. खेळाडूंनी तो मानला नाही. १६ सप्टेंबर २००४ रोजी टाळेबंदी सुरू झाली. फेब्रुवारीत दोन्ही बाजू इतक्या जवळ आल्या, की प्रत्येक संघाच्या वेतनाची कमाल मर्यादा ४ कोटी २५ लाख डॉलर असावी असे मालक म्हणत होते आणि ४ कोटी ९० लाख असावी असे खेळाडू. एवढ्या अंतरावर १६ फेब्रुवारी २००५ रोजी आयुक्त गॅरी बेटमन यांनी उरलेला मोसम रद्द केला. १२३० सामने झाले नाहीत. जुलैमध्ये समझोता झाला तेव्हा मर्यादा ठरली ३ कोटी ९० लाख, आणि चालू करारांतील वेतनात २४ टक्के कपात. फेब्रुवारीत जे नाकारले, त्याहून कमी खेळाडूंच्या पदरी पडले.

तो हिवाळा सामान्य माणसाने कसा काढला असेल? शनिवारच्या रात्री कॅनडात घरोघरी हॉकीचे प्रक्षेपण पाहण्याचा परिपाठ पिढ्यान्‌पिढ्यांचा. त्या वर्षी राष्ट्रीय वाहिनीने त्या वेळेत चित्रपट दाखवले. क्रीडागृहांत तिकिटे तपासणारे, खाद्यपदार्थ विकणारे, झाडलोट करणारे लोक कुठल्याच वाटाघाटीत नव्हते. त्यांची मजुरी मात्र सर्वांत आधी बुडाली. अनेक खेळाडू रशिया, स्वीडन, चेक प्रजासत्ताक अशा देशांत जाऊन खेळू लागले. मालकांचे इतर व्यवसाय चालूच होते. प्रेक्षकाला जायला दुसरी जागा नव्हती. त्याचा राग ‘लक्षाधीशांचे कोट्यधीशांशी भांडण’ अशा शब्दांत व्यक्त होत असे. तो राग समजण्यासारखा असला, तरी नुसता उपहास कुणाचेच काही बिघडवीत नाही.

याच काळात टोरोंटोतील काही हौशी खेळाडूंनी एक साधा, पण मूलगामी प्रश्न विचारला. हा चषक आहे कुणाचा?

उत्तरासाठी १८९२ सालाकडे जावे लागते. कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी त्या वर्षी दहा गिनी खर्चून हा चषक दिला. त्यांचे पत्र १८ मार्च रोजी ओटावा येथील एका मेजवानीत वाचून दाखवण्यात आले. त्यांच्या अटी स्पष्ट होत्या. चषक कुठल्याही संघाच्या मालकीचा होणार नाही, कितीही वेळा जिंकला तरी. तो दोन विश्वस्तांच्या स्वाधीन राहील. प्रथम हौशी संघ त्यासाठी झुंजत. १९४७ मध्ये विश्वस्तांनी कराराने त्याचा कारभार नॅशनल हॉकी लीगकडे सोपवला. त्यानंतर लोक हळूहळू विसरले, की लीग ही चषकाची मालकीण नसून कारभारीण आहे.

त्या हौशी खेळाडूंनी न्यायालयात म्हटले, की लीगला खेळायचे नसेल तर विश्वस्तांनी चषक दुसऱ्या कुणासाठी तरी खुला करावा. दात्याची इच्छा तीच होती. गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनीही त्या वर्षी चषक स्त्रियांच्या संघाला द्यावा असे सुचवले होते. ते झाले नाही, म्हणून त्यांनी पुढे स्त्रियांच्या हॉकीसाठी आपल्या नावाचा निराळा चषक दिला. न्यायालयातील वाद फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोडीने मिटला. ज्या वर्षी लीग स्पर्धा भरवणार नाही, त्या वर्षी विश्वस्त हा चषक लीगबाहेरच्या संघाला देऊ शकतात, हे मान्य झाले. शिवाय हौशी हॉकीसाठी पाच वर्षे प्रतिवर्षी एक लाख डॉलर देण्याचे लीगने कबूल केले. कोट्यवधींच्या व्यवहारात ही रक्कम क्षुल्लक खरी. परंतु तत्त्व मोठे होते. आठवड्यातून एकदा हौसेने खेळणाऱ्या साध्या माणसांनी एका बलाढ्य संस्थेला तिची मर्यादा दाखवून दिली होती.

पुढची घटना मात्र मनाला खटकते. २००५ च्या शरदात खेळ सुरू झाला तेव्हा मैदानांच्या बर्फावर प्रेक्षकांचे आभार मानणारे शब्द रंगवले होते. आभार होते, क्षमायाचना नव्हती. प्रेक्षक परतले, आणि असे परतले की त्या मोसमात उपस्थितीचा उच्चांक झाला. ज्यांना धडा मिळायला हवा होता त्यांनी एवढेच ओळखले, की हे लोक कुठेही जात नाहीत. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिसऱ्यांदा टाळे लागले. या वेळी काही प्रेक्षकांनी ठराविक सामन्यांवर बहिष्कार घालण्याची शपथ घेतली. जानेवारी २०१३ मध्ये उत्पन्नाची निम्मी-निम्मी वाटणी ठरली, पुन्हा ४८ सामन्यांचा मोसम झाला, आणि क्रीडागृहे पुन्हा भरली.

क्षमा हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे, म्हणून तिच्याविषयी जपून बोलले पाहिजे. प्रेक्षकांनी क्षमा केली यात त्यांची चूक नव्हती. परंतु आपण पापनिवेदनाच्या संस्कारात शिकतो, की क्षमेबरोबर पश्चात्ताप येतो आणि भरपाईचा निर्धारही. पश्चात्ताप नसलेल्या माणसाने दुसऱ्याची क्षमा गृहीत धरली, की तिचा त्याच्या लेखी व्यापारी सवलतीएवढाच अर्थ उरतो. उत्तर अमेरिकेतील प्रेक्षकांचे जे झाले ते हेच. त्यांची निष्ठा ताळेबंदातील एक निश्चित रक्कम म्हणून मांडली गेली.

परमगुरू दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या विश्वपत्रात संपाचा हक्क मान्य केला आणि त्याबरोबरच समाजहिताची मर्यादाही सांगितली. ते अखेरचे साधन आहे, त्याचा गैरवापर होऊ नये. हीच मर्यादा टाळेबंदीला अधिकच लागू पडते, कारण टाळ्याची किल्ली बलवानाच्या हाती असते. वेतन लाखांचे असले म्हणून खेळाडूचा हक्क नाहीसा होत नाही. आणि हक्क खरा असला म्हणून तिसऱ्या माणसाचे नुकसान अदृश्य होत नाही. झाडूवाल्याची बुडालेली मजुरी आणि विनिपेगच्या मुलांनी फोडलेले गल्ले, यांचाही हिशेब समाजहितात धरावा लागतो.

२०२५ च्या जुलैमध्ये जुना करार संपायला वर्षाहून अधिक काळ असतानाच मालक आणि खेळाडू यांनी नवा करार संमत केला. एकही सामना बुडाला नाही. या सुज्ञपणाचे स्वागत केले पाहिजे. त्या वाटाघाटींतही प्रेक्षकाला आसन नव्हते, हे मात्र विसरता येत नाही.

शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या कुळांचा दाखला आहे. मळा खंडाने घेतलेल्या त्या माणसांना कालांतराने वाटू लागले, की मळा आपलाच. कुंपण, कुंड, माळा हे सारे दुसऱ्याने उभारले होते, याचा त्यांना विसर पडला. शाळा असो, पतसंस्था असो, धर्मग्रामाची एखादी मंडळी असो, जिथे जिथे लोकांच्या श्रद्धेवर काही उभे राहते, तिथे तिथे कारभाऱ्याचा मालक होण्याचा धोका असतोच. अशा वेळी टोरोंटोच्या त्या हौशी खेळाडूंसारखे कुणीतरी मूळ दानपत्र शोधून काढून वाचावे लागते, आणि त्यात काय लिहिले आहे ते कारभाऱ्यांना मोठ्याने ऐकवावे लागते.