बेणारे, लीला
विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची नायिका, व्यवसायाने शिक्षिका. ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेच्या पहिल्या प्रयोगात सुलभा देशपांडे यांनी ही भूमिका केली, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे.

बालवयातील लैंगिक शोषणाचे दूरगामी परिणाम दाखवणारी ही मराठी रंगभूमीवरील ठळक व्यक्तिरेखा. समीक्षेने मात्र तिच्याकडे बहुधा कुमारी मातृत्वाच्या प्रश्नातूनच पाहिले. बेणारे जेमतेम चौदा वर्षांची असताना सख्खा मामा तिच्याशी संबंध ठेवतो आणि लग्नाचा विषय निघताच पळ काढतो. ती जीव देऊ पाहते. पुढे विवाहित प्राध्यापक दामले यांच्यातही तिला आधार दिसतो आणि गरोदर राहिल्यावर तिथेही फसवणूकच होते. तिचे अखंड हसणे, चिडवणे हे तेंडुलकरांनी रंगवलेले चिलखत आहे. नाटकातली मंडळी खेळ म्हणून अभिरूप न्यायालय भरवतात आणि तिला आरोपी करतात; मामा-प्रकरण तिथे उघड होते ते तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून. मामाला दोष कोणीच देत नाही. स्वगतात ती स्वतःही त्या संबंधाला प्रेम आणि पाप म्हणते, अत्याचार नव्हे. ते स्वगत रंगमंचावरचे कोणी ऐकत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा प्रकरणात आरोपी मामाच ठरतो. मुलीची संमती ग्राह्य धरली जात नाही.