क्रिप्टो-पाकीट पत्ता
आभासी चलन पाठविण्या-स्वीकारण्यासाठी ब्लॉकचेनवर वापरली जाणारी अक्षर-अंकांची ओळखखूण (→ ब्लॉकचेन).

उगम : २००९ मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइन जाळ्याबरोबर ही पद्धत रूढ झाली.

वैशिष्ट्ये : पत्ता सामान्यतः सार्वजनिक किल्लीवर हॅश प्रक्रिया करून बनतो, रक्कम खर्चण्यासाठी खाजगी किल्ली लागते (→ सांकेतिकी). इथेरियमचा पत्ता ४२ चिन्हांचा असतो. बिटकॉइन व इथेरियमवरील व्यवहार सर्वांना पाहता येतात, मात्र धारकाचे नाव त्यांत नसते.

नियमनातील स्थान : पत्त्याची ग्राहकाच्या ओळखीशी सांगड घालणे हा अनुपालनाचा गाभा होय. अमेरिकेच्या कोषागार विभागाने नोव्हेंबर २०१८ मध्ये निर्बंध यादीत प्रथमच बिटकॉइन पत्ते समाविष्ट केले. भारतात ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने आभासी मालमत्ता सेवादाते मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. ग्राहक-पडताळणी, नोंदी ठेवणे आणि संशयास्पद व्यवहार वित्तीय गुप्तवार्ता एककास कळविणे त्यांना बंधनकारक आहे (→ मनी लाँडरिंग).

महाराष्ट्रातील संदर्भ : पुणे पोलिसांकडे २०१८ मध्ये तपासाला आलेल्या गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक-फसवणुकीच्या प्रकरणात जप्त पाकिटांचा ताबा हा तपासाचा विषय ठरला. तपासात साहाय्य करणाऱ्या दोन सायबर तज्ज्ञांना चलन वळविल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली (→ सायबर गुन्हे).