टीबी-३०३ : साथीदार यंत्राची हकिकत

'ॲसिड हाउस' नावाचे नृत्यसंगीत अमेरिकेतल्या शिकागोत नव्हे, तर मुंबईत जन्मले असा दावा गेली काही वर्षे अधूनमधून कानावर येतो. त्याला आधार आहे चरणजीत सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही एचएमव्हीची १९८२ सालची तबकडी. ती ऐकली की दावा उडवून लावता येत नाही, इतके साम्य आहे. तरीही मला तो मान्य नाही. का नाही, हे सांगण्यासाठी आधी एका स्वस्तातल्या जपानी यंत्राची हकिकत सांगावी लागेल.

यंत्राचे नाव टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. जपानच्या रोलँड कंपनीने ते १९८१ मध्ये आणले. रचना तादाओ किकुमोतो या अभियंत्याची. हेतू साधा होता. एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस गिटारवाला हवा असतो. तो मिळाला नाही तर हा चंदेरी डबा खर्जातले सूर वाजवत राहील. अमेरिकेत किंमत ३९५ डॉलर. त्याच काळात त्याच कंपनीचा ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर पाच हजार डॉलरच्या पुढे होता. स्वस्ताईसाठी काय काय कापले असेल, याचा अंदाज या दोन आकड्यांवरून येतो.

आवाज निर्माण करणारा ऑसिलेटर एकच, म्हणून एका वेळी सूरही एकच. आवाजाचे प्रकार दोन. सूर हळूहळू उमलत यावा अशी सोय नाही. बटण जोरात दाबा की हळू, यंत्राला फरक कळत नाही. वरच्या बटनांची जागा कायम राहते, पण ती फिरवताना झालेले बदल यंत्र लक्षात ठेवत नाही. बॅटऱ्या उतरल्या की साठवलेल्या रचनाही गेल्या. आणि बेस गिटारसारखा आवाज येतो का? अजिबात नाही. तारेला बोट लागते तेव्हा जी धडक आणि घसट ऐकू येते, तिचा इथे मागमूस नाही.

सर्वात जाच होता तो सूर भरण्याचा. एका रचनेत जास्तीत जास्त सोळा पायऱ्या. आधी नुसते सूर ओळीने भरायचे, मग वेगळ्या फेरीत प्रत्येक पायरीला सांगायचे की इथे सूर वाजव, इथे मागचा लांबव, इथे गप्प राहा. एक पायरी चुकली की पुढचे सगळे सूर भलत्याच जागी. उर्दू लिहायला शिकवताना मला हे नेहमी आठवते. मुले आधी शब्दाचा सांगाडा लिहितात आणि नुक्ते मागाहून देतात. वरचा नुक्ता खाली पडला की 'खुदा'चा 'जुदा' होतो.

गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. उरलीसुरली यंत्रे जुन्या वाद्यांच्या दुकानांत पडेल भावात जाऊ लागली.

या कंगाल डब्यात दोन गोष्टी मात्र अस्सल होत्या. पहिली म्हणजे त्याचा फिल्टर. ऑसिलेटरमधून निघणारा कच्चा आवाज वरच्या स्वरांशांनी भरलेला असतो. फिल्टर एका मर्यादेपलीकडचे अंश छाटतो. ही मर्यादा एका बटनाने सरकते. शेजारचे रेझोनन्सचे बटण नेमका त्या काठावरचा आवाज फुगवते. दोन्ही मिळून फिरवली की खर्जातला सूर गुरगुरतो, चिरकतो, पाणी गुळगुळल्यासारखा वाहतो. दुसरी गोष्ट म्हणजे 'स्लाइड', एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. आपल्या कानाला ही मींडेची धाकटी बहीणच वाटते.

आता मुंबई. चरणजीत सिंग हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गिटार आणि बेस गिटार वाजवणारे कलाकार. 'कुर्बानी'तल्या नाझिया हसनच्या गाण्याने १९८० मध्ये डिस्कोचे वेड घरोघरी नेले होते. चरणजीत यांनी ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ एकमेकांना जोडले आणि भैरव, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. इथे ३०३ ची एक मोठी उणीव आपोआप भरून निघाली. पाश्चात्त्य गाण्यात कॉर्ड बदलत जातात, त्यामुळे तेच ते सोळा पायऱ्यांचे आवर्तन लवकर अपुरे पडते. रागाला खाली षड्ज धरून बसणारे कोणीतरी हवेच असते, आणि यंत्र तेच न थकता करते. मात्र ते बाराच स्वर जाणते. भैरवातला कोमल ऋषभ डोलवत ठेवणे त्याला जमत नाही. त्याची स्लाइड सरळ पुढच्या सुरावर जाऊन थांबते. म्हणून रागाची वळणे चरणजीत यांनी हाताने, ज्युपिटर-८ वर घेतली. म्हणजे किकुमोतोंच्या डोळ्यांसमोरचा गिऱ्हाईक, साथीदार शोधणारा एकटा वादक, खरा भेटला तो मुंबईत!

शिकागोत वेगळे घडले. त्या शहरात १२ जुलै १९७९ रोजी बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला होता. डिस्को ज्यांचे होते त्या कृष्णवर्णीयांच्या क्लबांत ते 'हाउस' या नावाने जगले. तिथे डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तरुणांच्या 'फ्यूचर' गटाला एक जुने ३०३ स्वस्तात मिळाले. आवर्तन चालू ठेवून ते बटणे फिरवत राहिले, आणि तो चिरकता आवाज हेच संगीत झाले. गायक नाही, धून नाही. साथीदारच मैफलीच्या मधोमध बसला. 'ॲसिड ट्रॅक्स' ही त्यांची तबकडी १९८७ मध्ये आली.

मुंबईची तबकडी फारशी विकलीच गेली नव्हती. ती शिकागोत पोहोचल्याचा पुरावा नाही. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा प्रकाशित केली तेव्हा जगाच्या कानावर पडली. अशा वेळी 'हे आमच्याकडे आधीच होते' म्हणण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे. आपल्या समाजाच्या इतिहासाच्या सभांमध्येही हे वाक्य किती टाळ्या घेते! पण 'आधी' म्हणजे 'उगम' नव्हे. ज्यांचे संगीत मैदानात उडवले गेले, त्या पोरांच्या हातून त्यांची एक निर्मिती यामुळे काढून घेतली जाते. आणि चरणजीत यांचे काय होते? रागाच्या पायाशी यंत्र बसवण्याचा त्यांचा विचार बाजूला पडतो आणि ते दुसऱ्यांच्या कथेतली गंमतीची तळटीप होतात.

त्या पुनर्प्रकाशनानंतर सत्तरीतले चरणजीत युरोपातल्या मंचांवर गेले आणि तरुणांसमोर हेच राग वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. कोणालाही नको असलेले ३०३ आता मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले जाते.