मल्टिपल स्क्लेरोसिसमधील थकवा व फ्लूसारखी लक्षणे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या विकारात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावरच हल्ला करते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे पहिले व्यवस्थित वर्णन केले. बहुतेक रुग्णांना कधी ना कधी जाणवणारा थकवा हे त्याचे फार त्रासदायक लक्षण आहे. हात-पाय धड दिसत असल्याने घरच्यांना आणि कचेरीतल्यांना तो आळस वाटतो.

हा थकवा श्रमाच्या प्रमाणात येत नाही. रात्रभर झोप होऊनही सकाळीच माणूस गळून गेलेला असतो आणि दुपारनंतर त्रास बहुधा वाढतो. उष्णता हा त्याचा मोठा शत्रू. मायलिन झिजलेल्या तंतूंतून संदेश जेमतेम वाहत असतात. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले, तरी ते अडू शकतात. व्यायामानंतर अशा रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवले. ही घटना त्यांच्याच नावाने ओळखली जाते. विदर्भातल्या मे महिन्यात उष्णतेचा हा त्रास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. कामे सकाळी उरकणे, गार पाण्याने अंघोळ, मानेवर ओला पंचा, बर्फ घातलेले पाणी हे उपाय साधे असले तरी खरोखर उपयोगी पडतात.

थकव्याचे सगळे खापर एमएसवर फोडणे मात्र चुकीचे. रात्री लघवीसाठी वारंवार उठावे लागणे, नैराश्य, रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, स्नायूंचा ताठरपणा घालवणारे बॅक्लोफेन हे औषध यांतले काही आढळले, तर आधी त्याकडे पाहावे. पुढे दिवसाच्या कामांची आखणी, थकण्याआधीच घेतलेली विश्रांती आणि झेपेल तेवढा नियमित व्यायाम. व्यायामाने थकवा वाढेल ही भीती समजण्यासारखी आहे, पण पुरावा व्यायामाच्याच बाजूने आहे. औषधांची बाजू लंगडी आहे. अमँटाडीन, मोडाफिनिल व मिथिलफेनिडेट यांची १४१ रुग्णांवर चाचणी अमेरिकेत झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत यांपैकी एकही औषध नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

फ्लूसारखी लक्षणे ही वेगळी बाब. ती बहुतेकदा औषधाची देणगी असते. इंटरफेरॉन बीटा हे एमएसचा मार्ग बदलणारे पहिले औषध. त्याला अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. हे इंजेक्शन घेतल्यावर काही तासांत कणकण, हुडहुडी, अंगदुखी, डोकेदुखी सुरू होते आणि साधारण दिवसभरात ओसरते. विषाणूशी लढताना शरीर जे रासायनिक संदेश सोडते, तेच या औषधामुळे सुटतात, म्हणून फ्लूचा भास होतो. मात्रा हळूहळू वाढवणे, त्रासाचे तास झोपेत जावेत म्हणून इंजेक्शन संध्याकाळी घेणे, डॉक्टरांच्या सल्ल्याने आधी व नंतर पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन घेणे, भरपूर पाणी पिणे ही रूढ पद्धत. इंटरफेरॉनने यकृतावर ताण येऊ शकतो, त्यामुळे पॅरासिटॅमॉल मनाने वाढवू नये. बहुतेकांचा त्रास दोन-तीन महिन्यांत कमी होतो. त्याआधीच कंटाळून औषध परस्पर सोडणारे कमी नाहीत. सोडण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून बदलणे बरे. ग्लॅटिरामर या एमएसच्या दुसऱ्या औषधात हा त्रास सहसा नसतो.

इंजेक्शनच्या वेळेशी मेळ न बसणारा किंवा दिवसापेक्षा जास्त टिकणारा ताप औषधाचा समजू नये. ऑक्रेलिझुमॅब, फिंगोलिमॉड यांसारखी प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे चालू असताना तर तो संसर्गाचाच मानून तपासणी लवकर करावी. मूत्रमार्गाच्या संसर्गातील तापाने जुनी लक्षणे उफाळतात, पाय लुळे पडतात आणि रोगाचा नवा झटका आला असे वाटते. याला आभासी झटका म्हणतात. त्यावर स्टेरॉइड द्यायचे नसते. संसर्गावर उपचार होऊन ताप उतरला की लक्षणे बहुधा पूर्वपदावर येतात.